शेरडाचा पाला

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि कोल्हापुरातच एका शाळेत शिकवायला लागलो. याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण हुपरीला धाकट्या बहिणीच्या सासरी हे शिक्षण ज्या भिंतीवर आपटलं, तिची किळस अजून जात नाही.

तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला दोन महिने झाले होते. दिवेलागणीला तिनं मला पाण्याचा तांब्या दिला, तो माझ्या हाताशेजारी, हवेत. तांब्या पडला. सासू सोप्यातून ओरडली, "झालं! दिस मावळला की हिचं सोंग सुरू!"

बहिणीला संध्याकाळनंतर दिसतच नव्हतं. घरात पैंजणांचं काम चाले. दिव्यापाशी बसून कड्या जोडायला हिला जमेना, म्हणून ही कामचुकार. उपाय काय, तर दंडाला काळा दोरा आणि डोळ्यांत सासूच्या बोटानं भरलेलं काजळ. त्याच बोटानं तिनं नुकतीच मिश्री लावलेली मी पाहिली होती.

ताटात नुसता भात, वर लसणाचं पाणी. तूप बारशापर्यंतच.

"हिला पालेभाजी का देत नाही?"

"बाळंतिणीनं पाला खाल्ला की पोर हिरवं हागतंय. पावणं, कालेजात बाळंतपणं बी शिकवत्यात व्हय?"

दारात शेवगा पाल्यानं लवलेला, आणि त्याच्या डहाळ्या शेळीपुढं.

पानाला दिवसभर उन्हात राहून अन्न तयार करायचं असतं. त्यासाठी ते हिरव्या रंगाच्या आड एक पिवळं द्रव्य बनवतं, नाहीतर ऊनच त्याला जाळील. झाड हे स्वतःसाठी करतं, माणसावर उपकार म्हणून नव्हे. पण आपलं शरीर त्याच द्रव्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करतं, आणि ते संपलं की आधी अंधुक उजेडातली नजर जाते. मुळातून ते बनवणं माणसाला जमत नाही. पानाकडून घ्यावं, नाहीतर पान खाणाऱ्या जनावराच्या दुधातुपातून. त्या घरात दोन्ही बंद होतं.

हे सगळं मी सांगितलं, दारातल्या शेवग्याचा पाला हिला रोज द्या म्हणालो. सासू म्हणाली, "शेरडाचा पाला माझ्या चुलीवर न्हाय चढायचा!"

बहीण माझा सदरा ओढत होती. "दादा, गप बस की. मला हितंच नांदायचं हाय."

सकाळच्या गाडीनं तिला पोरांसकट कोल्हापूरला आणलं. आईनंही नाक मुरडलं, पण तेल-लसणात शेवग्याचा पाला परतला, भाकरीबरोबर रोज वाढला. तान्ह्याला काही झालं नाही. पुढं एका तिन्हीसांजेला बहीण परड्यातून म्हणाली, "दादा, तुझ्या चपलंवर मांजर बसलंय बघ." घरात अजून दिवा लावलेला नव्हता. आई पदरात तोंड घालून रडली.

ती सासरी गेली आणि गुण दोऱ्याला मिळाला. तेही सोसलं. पण वर्षभरानं मी पुन्हा गेलो, तेव्हा तिची धाकटी जाऊ बाळंतीण होती. तिनं मेथीच्या भाजीकडे हात केला, तर माझ्याच बहिणीनं भांडं मागं ओढलं.

"नको गं. पोर हिरवं हागंल."

"आणि तुझी नजर कशानं परत आली?" मी विचारलं.

तिनं सासूकडे पाहिलं. "दोऱ्यानं की, दादा."

सांज झाली होती, सोप्यात काळोख भरत होता. माझ्या चेहऱ्यावर काय आलंय ते तिला तेवढ्या उजेडातही स्वच्छ दिसलं. तिनं मान फिरवली.