दोन कॅमेरे, दोन्हीत धूसर

मंडळी, दोन महिने या ग्रुपवर तुमचं डोकं खातोय: फुल-फ्रेम कॅमेरा घ्यायचा तर कमी उजेडात चांगला चालणारा घेऊ, की जास्त मेगापिक्सेलवाला? आजपासून विचारणार नाही.

सकाळी दासगावला अस्लमकडे गेलो. आम्ही दोघंही लग्नाचे फोटो काढतो. कमी उजेडवाला त्याच्याकडे आहेच, दुसरा त्याच्या भावाने दुबईहून आणलाय. म्हटलं, घेण्याआधी दोन्ही हाताळून बघू.

त्याची अम्मी ओटीवर वाल सोलत बसली होती. तिचेच फोटो काढले. पहिल्यात चेहरा धूसर. दुसऱ्यातही तसाच. लेन्स पुसली, बदलून बघितली. शेवटी वैतागून म्हणालो, "दोन्ही बाद आहेत रे!"

अस्लमने स्क्रीनवर फोटो मोठा केला. "बाद नाय रे. हे बघ, अम्मीची एकेक पापणी दिसतेय."

मला पापण्या दिसतच नव्हत्या.

त्याने तशीच गाडी काढली आणि मला महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तातल्या साखरेने माझ्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. इंजेक्शनं देतील, पण गेलेली नजर परत येईल असं धरून चालू नका म्हणाले.

"ऑटोफोकस आहे की" असं कृपया लिहू नका. फोकस कॅमेरा लावेल हो. पण शंभरातला चांगला फोटो कोणता, ते मीच बघायचो ना?

रविवारी पोलादपूरला लग्न आहे. नवरीचा बाप विचारेल, "फोटो कसे आलेत?"

काय सांगू त्याला?