मोहोरबंद गुदामातले काजू

डिचोलीत आमचे काजूचे गुदाम होते. आमचे म्हणजे बाबांचे आणि त्यांच्या भागीदाराचे. त्यांना मी काका म्हणे. राज्याचा दर्जा मिळून फार काळ लोटला नव्हता. भाषेच्या वादात बाबा मराठीच्या सभांना जात, काका कोकणीच्या. घरी दोघांची बोली एकच. तरी तेव्हापासून एकाच्या शब्दाला दुसरा उजेडात धरून पाहू लागला. काका परस्पर गिऱ्हाईक ठरवतात, असे बाबांना वाटे. बाबा निवडक माल वेगळा काढतात, असे काकांना.

तंटा झाल्यास लवादाने निवाडा करावा, असे करारात होते. म्हापशाचे एक वृद्ध वकील लवाद ठरले. पण त्यांची बैठक भरण्याआधीच काका माल हलवतील, या धास्तीने बाबांनी न्यायालयातून अंतरिम आदेश आणला: निवाड्यापर्यंत गुदाम मोहोरबंद, दोघांची संमती आणि न्यायालयाचा माणूस असल्याखेरीज दार उघडायचे नाही. वितळत्या लाखेचा जळका, गोडसर वास मला अजून आठवतो. आतल्या बियांना एकच ऊन मिळाले होते, त्या पुरत्या वाळल्या नव्हत्या. दुसऱ्या उन्हासाठी पोती बाहेर काढली की माल हलवायला वाट मिळते, म्हणून बाबांनी त्याआधीच मोहोर लावून घेतली.

वैशाख सरत आला तसा दाराच्या फटीतून आंबूस दर्प येऊ लागला. मी सांगितले, तेव्हा काकांनीच कौले सरकवून पाणी सोडले असेल, असे बाबा म्हणाले आणि छप्पर निरखून आले. एकही कौल हललेले नव्हते. त्यामुळे त्यांचा संशय उलट वाढला.

एका सकाळी काका घरी आले. आत न येता पायरीवरच थांबले. आईने दिलेले पाणी त्यांनी नुसते हातात धरले.

"बियांक वत दाखवया," ते म्हणाले. "ना जाल्यार सगळ्यो कुसतल्यो."

बाबांनी मुद्दाम पुस्तकी मराठीत विचारले, "कुजू नयेत म्हणून ऊन कोठे दाखवायचे? तुमच्या अंगणात?"

"तुज्या खळ्यात दाखय. हांव राखण बसतां."

"त्याचीच तर भीती आहे."

आई दारातून म्हणाली, "मग देवळाच्या आवारात घाला. देवीवर तरी दोघांचा संशय नसेल ना?"

दुपारी दोघांचा एकत्र अर्ज न्यायालयात गेला.

न्यायालयाच्या माणसाने मोहोर फोडली. बाबांनी मूठभर बिया कानाशी हलवल्या. वाळलेली बी खुळखुळते. या मुक्या होत्या. "या आमच्या नव्हेत," ते पुटपुटले. त्या माणसाने मोहोरेचे अभंग ठसे दाखवले. बाबांनी लाखेचा तुकडा बराच वेळ बोटांत फिरवला. शेवटी त्यांनी तळाचे पोते स्वतः उसवले. बुरशीने आतल्या बिया काळवंडल्या होत्या.

वरची पोती तेवढी वाचण्याजोगी होती. देवळाच्या आवारात बांबूचे तट्टे पसरले. एका टोकाला बाबा, दुसऱ्याला काका, दोघेही आपापले जेवणाचे डबे मांडीवर घेऊन बसले. तापल्या टरफलांचा उग्र, तेलकट वास सभामंडपापर्यंत चढला. काही दिवसांनी मुठीत खुळखुळ ऐकू आली. बिया पुन्हा पोत्यांत भरताना तट्टा एकट्याला उचलेना, तेव्हा दोघांनी दोन कडा धरल्या. बिया सरसरत पोत्यात जात होत्या, आणि ते दोघे एकमेकांच्या बोटांकडे पाहत होते.