पळसाच्या पानांचा माणूस

लढाई संपून वर्ष झालं होतं. पाटणकडच्या एका शाळेत मी नवा मास्तर होतो. सुट्टीच्या दिवशी शिकेकाई शोधत एकटाच रानात शिरलो, तर करवंदीच्या जाळीमागे माणूस निजलेला दिसला. जवळ जाऊन वाकून पाहिलं. तो माणूस पळसाच्या पानांचा होता. डोक्याच्या जागी नारळ, आणि पायाशी तेल लावून मऊ ठेवलेल्या वहाणा.

शेजारी बसून एक म्हातारा त्याची वाळलेली पानं सोडवत होता आणि हिरवी बांधत होता. ज्याचं प्रेत हाती लागत नाही त्याचा असा पुतळा करून जाळतात, हे मला ठाऊक होतं. पण हा जाळलेला नव्हता.

"पोरगा लढाईत बेपत्ता झाल्याचा कागद आला," म्हातारा वर न बघताच म्हणाला. "गाव म्हनलं, जाळून मोकळा हो. मसणात काडी वढली, पर हात थांबला. जाळला तर म्याच मारल्यावानी हुईल. म्हनून उचलून हितं आणला."

मी निघालो, तसा त्यानं माझा हात धरला.

"पावनं, जरा ह्याच्या शेजारी निजता का? तुमी त्याच्याच वयाचं दिसताय. त्याची उंची इसराय लागलोय मी."

मी निजलो. त्यानं मला कपाळापासून टाचेपर्यंत वितीनं मोजलं, मग पानांना मोजलं, मग पुन्हा मला. शेवटी दोन्ही हात मांडीवर टाकून तो आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

बऱ्याच वेळानं मी उठून बसलो. त्याचा चेहरा एकदम उजळला. मग मी कोण ते त्याच्या ध्यानात आलं.