गाडीच्या पोटाखालचा कूलर

मे महिन्यात नागपूरला जाऊ नका, असं आम्हाला नाशिकमधल्या प्रत्येकाने सांगितलं. तरी आम्ही निघालो, कारण सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, तिच्या थोरल्या भावाला शब्द दिला होता. नामदेवभाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. जुन्या सोबत्यांनी रविवारी तिथे जमायचं ठरवलं होतं आणि हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी भाऊंचा उन्हातला बसप्रवास बंद केला होता. "आमच्या गाडीतून नेऊ," सुनंदा फोनवर म्हणाली. शब्द तिचा, गाडी माझी. जुनी विकत घेतलेली, ऑटोमॅटिक.

दिवसभर गाडी लोण्यासारखी चालली. शुक्रवारी संध्याकाळी नागपुरात, लकडगंजच्या गर्दीत शिरलो आणि तिने रंग दाखवला. पाय दाबला की इंजिन ओरडायचं, गाडी जागेवरच, आणि मग पाठीत बुक्की बसल्यासारखी एकदम पुढे. समोरच्या हातगाडीवरची आंबे विकणारी बाई दोनदा दचकली.

"भाऊसमोर एक शब्द काढायचा नाही," सुनंदा म्हणाली.

महाल भागातल्या घरापुढे भाऊ उभेच होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "काय गा जवाईबुवा, हे गाडी आपले आपणच गिअर बदलते म्हणे. मंग तुमी काय करता?"

"बसतो," मी म्हणालो.

"काही गडबड असन तर आत्ताच सांगा. मले बस काही नवीन नाही."

या शेवटच्या वाक्याने आमची झोप उडाली. माणूस हट्टी; खरंच बसने निघाला असता.

रात्री जेवायला गरमागरम सांबारवडी होती (तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मी आधी उगाच डाळ शोधत होतो). भाऊंच्या बायकोला, कुसुमवहिनींना, स्वयंपाकघरातच सगळं सांगून टाकलं. त्यांचे डोळे चमकले. "त्याईले कळू द्याचं नाही ना? मग माह्यावर सोडा."

शनिवारी जेवणं झाल्यावर भाऊ आतल्या खोलीत एसी लावून झोपले आणि आम्ही गाडी गल्लीपलीकडच्या मंगेशच्या गॅरेजात नेली. मंगेश बोलका माणूस. त्याने बॉनेट उघडलं आणि जणू स्वतःच लपवून ठेवल्यासारखं हसून म्हणाला, "शोधा बरं, गिअरचं तेल मोजायची पट्टी कुठं हाय ते."

"नाहीच आहे," मी म्हणालो. एवढं मला ठाऊक होतं. "कंपनी म्हणते, तेल आयुष्यभरासाठी भरलंय."

"कोणाच्या आयुष्यासाठी, ते नाही सांगत ना!"

पट्टी नसलेल्या गाडीचं तेल खालून तपासतात. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, गिअरचा दांडा सगळीकडे फिरवून आणायचा आणि गिअरबॉक्सच्या पोटाचा एक बोल्ट उघडायचा. तेल बारीक ठिबकलं तर बरोबर. काहीच आलं नाही तर कमी. अट एकच: तेव्हा तेल पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या मध्ये हवं. जास्त तापलं तर ते फुगतं आणि कमी असूनही बाहेर येऊन फसवतं.

मंगेशने गाडीला तेलाचं तापमान दाखवणारं यंत्र जोडलं. तेल एकाहत्तरवर होतं. इंजिन बंद करून वाट पाहिली. तेवढ्यात त्याने एका नळीच्या जोडावर गळतीचा ओलसर डाग शोधला आणि तिथलं वॉशर बदललं. तेल पन्नासवर आलं आणि तिथेच बसलं, कारण बाहेरचीच हवा शेहेचाळीस होती. संध्याकाळी मंगेशला साळ्याच्या लग्नाला जायचं होतं आणि रविवारी गॅरेज बंद.

"आता थंडीतच या," तो म्हणाला.

वहिनी ताक घेऊन आल्या होत्या. "कूलर लावा न तिले," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो. मग हसायचे थांबलो.

बैठकीतला मोठा कूलर भाऊंचा जीव की प्राण. त्यात गवत तेच भरणार, रंग तेच देणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. तो आम्ही चाकांच्या स्टँडसकट ढकलत गल्लीत काढला. पाणी हिंदकळून सुनंदाची साडी भिजली. शेजारीण ओट्यावर आली. "काहून वं कुसुमताई, कूलर विकून राहिली काय?"

"हवा खायले नेऊन राहिली त्याले," वहिनी म्हणाल्या.

गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी होती. खड्ड्याच्या काठाला कूलर लावला. गार हवेचा झोत गाडीच्या पोटाखाली घुसला आणि यंत्रावरचा आकडा उतरू लागला. अठ्ठेचाळीस. शेहेचाळीस. आम्ही टाळ्याच वाजवणार होतो, एवढ्यात मागून आवाज आला.

"माहा कूलर!"

मागे भाऊ: बनियन, लुंगी, डोक्यावर ओला दुपट्टा. वहिनी पुढे होऊन म्हणाल्या, "अवो, भाऊजींच्या गाडीले ताप आला जी."

भाऊंनी कूलरकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे तर फारच वेळ पाहिलं. मग त्यांची नजर आकड्यावर गेली. नोकरीभर बॉयलरचे आकडे वाचलेला माणूस तो. चष्मा नाकावर घेत म्हणाले, "गवत कोरडं पडलं, दिसत नाही तुमाले? बादली आणा! कितीवर पाह्यजे?"

"पंचेचाळीसच्या आत, काका."

"चाळीसवर आणून देतो."

आणि आणलं. मग सुनंदाने इंजिन चालू केलं, दांडा फिरवला. खड्ड्यातून मंगेशने बोल्ट उघडला. एक थेंबही नाही. त्याने पंपाने लाल तेल वर चढवायला सुरुवात केली. इकडे चालू इंजिनामुळे आकडाही चढू लागला.

"एक्केचाळीस!" भाऊ यंत्र समोर घेऊन, खड्ड्याच्या काठाशी जमिनीवर पालथे पडून ओरडले. त्यांच्या शेजारी मी, पलीकडे वहिनी. "बेचाळीस! हात चालव गा, मंगेश! त्रेचाळीस!"

लाल धार सुटली. बारीक झाली. मग थेंब, थेंब.

"लाव बोल्ट!" भाऊंनीच हुकूम दिला.

गल्लीतून एक चक्कर मारली. गाडी एकदाही अडखळली नाही. सुनंदाने सुस्कारा सोडला. भाऊ मात्र कूलरचे ओरखडे मोजत राहिले.

रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो; खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसल्या आणि भाऊंनी गाडीची काच खाली केली. सोबती भेटले, मिठ्या झाल्या, कोणाकोणाची नावं हळू आवाजात घेतली गेली. दुपारी मी पाणी प्यायला गेलो तर भाऊ रंगात आले होते. "जवाईबुवा घाबरून गेले होते. मी म्हटलं, बाजूले व्हा, कूलर आणा." त्यांच्या गोष्टीत मंगेश नव्हता, वहिनी नव्हत्या, मीही जवळजवळ नव्हतो. मी मान डोलावली.

निघताना वसाहतीच्या मोकळ्या रस्त्यावर ते म्हणाले, "मले बसू द्या जरा." बसले. थोडं अंतर ऐटीत गेले आणि सवयीने डावा पाय क्लचवर मारला. क्लच नव्हता, ब्रेक होता. चौघांची कपाळं पुढे. मग भाऊ असे हसले, की डोळे पुसायला त्यांना दुपट्टा लागला. "ऑपरेशननंतर पहिल्यांदा," वहिनी माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या.

नाशिकला परतल्यावर लोक विचारतात, नागपुरात काय पाहिलंत? पाहण्यासारखं पुष्कळ असेल तिथे. मी एका कडक मेहुण्याशेजारी भर दुपारी पालथा पडून एक थेंब गळायची वाट पाहिली. इतक्या वर्षांच्या नात्यात आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे एकाच वेळी पाहतोय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.