माझं गाव ग्वानाख्वातो

नवऱ्याची नागोयाला बदली झाली, तेव्हा मी वॉर्डाच्या सार्वजनिक केंद्रात जपानी शिकायला गेले. तो वर्ग भरला होता. मला तसंच परत पाठवणं काउंटरवरच्या बाईंना बरं वाटेना, म्हणून त्यांनी मला शेजारच्या जलरंगांच्या वर्गात बसवलं. तिथे आठ आज्या होत्या आणि शिकवायला सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त इंजिनिअर. त्यांना सगळे सेन्सेई म्हणायचे, म्हणजे गुरुजी.

सेन्सेईंना निवृत्तीच्या आधी कंपनीनं तीन वर्षं मेक्सिकोत कारखाना उभारायला धाडलं होतं. दर रविवारी ते जवळच्या ग्वानाख्वातो नावाच्या डोंगरातल्या गावी जाऊन चित्रं काढत बसायचे. परत आल्यावर त्यांनी दुसरं काही काढलं नाही आणि आम्हालाही काढू दिलं नाही. बाहेर चेरी फुलली, गळली. आम्ही आपले ग्वानाख्वातोच्या पायऱ्या रंगवत होतो.

"इतिहास ठाऊक नसला तर रंग चुकतो," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आधी व्याख्यान. डोंगरात चांदी सापडली, स्पॅनिश आले, खाणींच्या जिवावर शहर उभं राहिलं. पुरांचा फार त्रास, म्हणून पुढे नदी वळवली. आता तिच्या जुन्या पात्रातून, गावाच्या पोटातून, मोटारी धावतात. वर उतारावर घरं दाटीनं बसलेली. एक गुलाबी, एक जांभळं, एक हळदीसारखं पिवळं. एक गल्ली तर इतकी चिंचोळी की समोरासमोरच्या सज्जांत उभं राहून प्रेमिकांनी चुंबन घ्यावं. हे सांगताना सेन्सेई खिडकीबाहेर बघायचे, आणि आठही आज्या सेन्सेईंकडे.

माझं जपानी हे असं तयार झालं. दुकानात हिंग आहे का, हे मला विचारता यायचं नाही; पण 'खाणमालकानं देखणं चर्च बांधलं' हे मी न अडखळता म्हणत असे.

वर्षअखेरीला केंद्रातच प्रदर्शन भरलं. आज्यांचा आग्रह म्हणून मी साडी नेसले आणि माझ्या चित्राशेजारी उभी राहिले. एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी चित्र पाहिलं, साडी पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं.

"हे तुमचं गाव का?"

जपानीत समोरचा बोलत असताना 'हाई, हाई' म्हणत राहायचं असतं, म्हणजे 'ऐकतेय'. मी सवयीनं "हाई" म्हणाले; पण प्रश्नाला 'हाई' म्हटलं की ते 'हो' होतं.

त्यांचा चेहरा असा उजळला की मागे फिरायचा मला धीर होईना. "वा! सांगा ना गावाबद्दल!" त्यांनी आणखी चौघांना बोलावलं. मग मी सांगत सुटले. चांदी, पूर, नदी, चर्च. गल्लीपाशी आल्यावर एका बाईंनी तोंडावर हात धरून विचारलं, "तुम्हीसुद्धा तिथेच...?"

नेमका तेव्हाच नवरा आमच्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन दारातून आत आला. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. त्याला काही कळेना. त्यानं वाकून नमस्कार केला.

मुलीला मात्र सगळं कळलं. ती शाळेतल्यासारख्या खणखणीत जपानीत म्हणाली, "आई, आपण तर नाशिकचे ना?"

माझे कान तापले. मी माफी मागायला वाकले, तर गृहस्थ माझ्याआधीच वाकले होते. "माझीच चूक, नीट न विचारता बोललो." मी आणखी वाकले, ते त्याहून वाकले. शेवटी सेन्सेई मध्ये आले.

मला वाटलं, आता वर्गातून नाव कमी होणार. पण ते नुसते चित्राकडे बघत होते. "तीन वर्षं राहिलो तिथे," ते म्हणाले, "पण हे तुमचं गाव का, असं मला कुणी कधी विचारलं नाही." आणि चक्क थोडे रुसल्यासारखे दिसले.

गृहस्थांनी वातावरण सावरायला मला विचारलं, "मग नाशिकला काय आहे?"

घाट, देवळं, लेणी, सगळं डोळ्यांपुढे आलं. एकाचाही जपानी शब्द मला येत नव्हता.

"द्राक्षं," मी म्हणाले.

"ओहो! आणि?"

मी मुलीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

"मोठी द्राक्षं," मी म्हणाले.