ओवैसची चाल

छावणीतल्या संध्या खरातला सगळे 'गॅदरिंगवाल्या मॅडम' म्हणत. डिसेंबर आला की शाळांचे फोन सुरू व्हायचे. कुठं कोळीनृत्य, कुठं देशभक्तीपर गीत. एरवी बाजारातल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर लहान मुलींचा क्लास. नाच ती टीव्हीसमोर उभी राहून शिकली होती. वडिलांचं कटिंगचं दुकान सोमवारी बंद असायचं, त्या दिवशी तिथला मोठा आरसा तिचा. आता चाळिशी आली होती आणि स्वतःचं म्हणावं असं काही हातून झालं नव्हतं. ही खंत तिनं नवऱ्यालासुद्धा कधी बोलून दाखवली नव्हती.

एका रविवारी तिचा जुना विद्यार्थी शिवराज तीन मित्रांना घेऊन क्लासवर आला. चौघंही वाळूजला कंपनीत कामाला. त्यांनी बँड काढला होता आणि पहिलं गाणं तयार होतं. शब्द सुयशचे, संगीत बासितचं. बासितच्या घरी भिंतींना गोधड्या लावून त्यांनी ते रेकॉर्ड केलं होतं.

"व्हिडिओ करायचाय मॅडम," शिवराज म्हणाला. "पण नाचाची बोंब हाय."

त्यानं गाणं लावलं.

*शिफ्ट सुटू दे, बस सुटू दे,*
*तू मात्र थांब गं जरा...*

गाण्यातला मुख्य आवाज ऐकून संध्या सरळ उभी राहिली. "हा कोण गातोय?"

दाराजवळ उभ्या असलेल्या ओवैसनं हात वर केला. "पण मला नाचात धरू नका. मी मागं थांबतो."

मोटारसायकलच्या अपघातात त्याची मांडी मोडली होती. आत रॉड होता, पाय आखूड झाला होता. चालताना उजवा पाय मागून यायचा आणि खांदा खाली झुकायचा.

पहिले काही रविवार संध्यानं बाकी तिघांवर मेहनत घेतली. स्टेप्स पाठ झाल्या, पण जीव नव्हता. गॅदरिंगच वाटत होतं. ते तिला कळत होतं आणि त्याचीच चीड येत होती. एकदा गाणं चालू असताना ओवैस पाणी प्यायला माठाकडं गेला. संध्याचं लक्ष त्याच्या पायांकडं गेलं. डावा पाय ठेक्यावर पडत होता, उजवा किंचित उशिरा, आणि गाण्यातला ढोल नेमका तिथंच वाजत होता. बासितनं चाल बांधताना हा मित्र शेजारीच फेऱ्या मारत असणार!

"ओवैस, परत चाल!" ती ओरडली.

तो वळला. चेहरा उतरला होता. "मस्करी करता का मॅडम?"

ती काही बोलायच्या आत तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संध्या त्याच्या घरी गेली. त्याच्या आईनं, रईसानं, चहा दिला आणि स्पष्टच सांगितलं, "देख संध्या, मोहल्ल्यात पोरं याची नक्कल करतात. अब दुनिया के सामने? लोगां हसेंगे."

"हसतील असं काही मी बसवणार नाही, आपा. पण त्याला नको असेल तर विषय संपला. विचारायच्या आधीच ओरडले, ते चुकलंच माझं."

ती तिथंच उठली आणि तिनं ती स्टेप करून दाखवली. डावा पाय, झुकता खांदा, मागून येणारा उजवा पाय, मग एक गिरकी. चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं तरी रईसा बघत राहिली.

ओवैस आतल्या खोलीच्या दारातून बघत होता. तो पुढं येऊन म्हणाला, "तिघंबी असंच करतील?"

"असंच."

"मग मी मागं नाय थांबणार. मधी, सगळ्यात पुढं."

शूटिंग वाळूजला झालं, शिफ्टच्या बसगाड्या उभ्या राहतात त्या मैदानावर. गाड्यांचे मालक आप्पासाहेब एका अटीवर तयार झाले, गाड्या धुऊन मगच फोटोत घ्यायच्या. पोरांनी सकाळपासून गाड्या धुतल्या. पुण्याहून आलेला कॅमेरावाला ओवैसला बघून हळूच म्हणाला, "याला बसच्या टपावर बसवू. चेहऱ्याचे शॉट्स घेऊ."

"एकदा बघा तरी," संध्या म्हणाली.

गाणं सुरू झालं. ओवैस पुढं आला आणि चौघांचे खांदे एकदम झुकले.  कॅमेरावाला गुडघ्यावर बसला, कॅमेरा खाली घेतला आणि ओरडला, "परत! पाय दिसले पाहिजेत!"

दुपारी पहिली पाळी सुटली. घरी निघालेले कामगार बघायला थांबले, डबे हातात घेऊन. दोघांतिघांनी स्टेप करून पाहिली. मग संध्यानं बसच्या पायरीवर चढून ठेका मोजत सगळ्यांना शिकवली. शेवटचा शॉट ठरलेलाच नव्हता. सबंध मैदान, निळे गणवेश, मधोमध ओवैस. आप्पासाहेबसुद्धा तिसऱ्या रांगेत होते.

गाणं यूट्यूबवर आलं आणि सुटलंच. कँटीनमध्ये, लग्नाच्या वरातीत, रिक्षा स्टँडवर तीच स्टेप. अजिंठ्याजवळच्या एका गावातून पोरींनी रील पाठवलं. मोहल्ल्यातली पोरं ओवैसच्या दारात येऊन म्हणायची, "भाई, बरोबर येतंय का बघ ना." रईसा त्यांना दटावायची, "खांदा अजून खाली घे!"

जालन्याच्या पहिल्या स्टेज शोला मैदान भरलं होतं. निवेदकानं चार पोरांची नावं घेतली. ओवैसनं त्याच्या हातातून माइक घेतला. "अजून एक नाव राहिलं. नाच बसवला संध्या खरात मॅडमनी. मॅडम, वर या."

संध्या विंगेत चपला काढून उभी होती. तशीच अनवाणी धावत स्टेजवर गेली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. यावेळी त्या कुठल्याच शाळेच्या नव्हत्या. नवरा खालून दोन्ही हात उंचावून ओरडत होता.

"मॅडम," ओवैस तिच्या कानाशी म्हणाला, "पुढचं गाणं जरा फास्ट घ्यायचं का?"

"आधी हे तर नाच," ती म्हणाली, आणि ढोल सुरू झाला.