कोणाचं तरी नाव

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात सुरक्षा तपासनिसाला माघारी ‘खोटकाढे’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो मुलीचं परीक्षेचं जुनं पॅड काखोटीला मारून निघायचा आणि दिसेल ते टिपत जायचा: डुगडुगणारा कठडा, उघडी वायर, बाहेर पडायच्या दारासमोर रचलेला माल. टिपणं सोपं होतं. अवघड होता पुढचा रकाना, ‘काम कोणाकडे’. तिथे नाव आणि तारीख घातल्याशिवाय कॉम्प्युटर यादी घ्यायचा नाही, आणि तारीख उलटली की ती ओळ लाल व्हायची.

एका सोमवारी त्याला दिसलं, की पुठ्ठा आत ओढणाऱ्या दोन रोलरांपुढची जाळी नाही. कोणीतरी सफाईसाठी काढली होती आणि ती भंगारात गेली होती. त्याने काम खरेदीच्या साहेबांच्या नावावर घातलं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं: ही दुरुस्ती आहे, खरेदी नव्हे. मग त्याने ते उत्पादनवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, मशीन थांबवणं शक्य नाही, ऑर्डर अंगावर आहे. मिटिंगमध्ये त्याने विषय काढला, तेव्हा मॅनेजर घड्याळाकडे बघत म्हणाला, “अहो, कोणाचं तरी नाव टाका. लाल दिसता कामा नये.”

त्याने मेहुण्याचं नाव टाकलं.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात फिटर होता. हसतमुख माणूस, कामाला वाघ. दुरुस्ती खात्यात दोनच माणसं, त्यातलं हे एक, आणि याच्या नावावर आधीच एकतीस कामं पडलेली.

“भाऊजी, तेही माझ्याच गळ्यात?” रविवारी जेवताना मेहुण्याने विचारलं.

“तू निदान परत पाठवणार नाहीस.”

“बरं, टाका. घरच्या माणसाची मान वाकवायला सोपी!” तो हसला आणि त्याने भात वाढून घेतला.

काम तसं दोन तासांचं होतं. पण ते दोन तास मिळेनात. खोटकाढ्याने मशीन बंद ठेवण्यासाठी तीन मेल केले. एकाला उत्तर आलं, ‘पुढच्या आठवड्यात बघू’. त्याने तारीख दोनदा पुढे ढकलली. मेहुणा रोज सकाळी सुपरवायझरला तोंडी विचारायचा आणि रोज मान हलवत परत यायचा. सातव्या आठवड्यात ओळ पुन्हा लाल झाली. दुपारी डबा खाताना खोटकाढे त्याला म्हणाला, “अरे, तेवढ्या जाळीचं काहीतरी कर बाबा.”

मेहुण्याने केलं. गोदामातल्या मोडक्या रॅकची जाळी कापली आणि निम्मी माणसं जेवायला गेली असताना चालत्या मशीनपाशी माप जुळवायला वाकला. हातमोज्याचं टोक रोलरमध्ये गेलं. मशीन थांबवायचं लाल बटण दाबणारी कामगार बाई म्हणाली, मी धावतच गेले हो, पण ते चार पावलं लांब होतं.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. शांत, नीटनेटक्या. त्यांनी यादी समोर ठेवली.

“जाळी बसवायचं काम यांच्याकडे सात आठवडे होतं. ते झालं नाही. वर मशीन चालू असताना यांनी हात घातला.”

“मशीन बंद करून द्या म्हणून मी तीन मेल केले होते,” खोटकाढे म्हणाला.

“ते तुमचे. यांनी लेखी मागितलं होतं का?”

“तो तोंडी सांगायचा. फिटर कुठे मेल लिहीत बसतो, मॅडम?” त्याने यादी स्वतःकडे ओढली. “माझं नाव लिहा. मीच मशीन बंद करायला हवं होतं.”

“मशीन बंद करायचा अधिकार तुम्हाला नाही. मग जबाबदारी तुमची कशी होईल?” त्या खरोखरच समजावून सांगत होत्या.

अहवालात लिहून आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. त्यानंतर चारच दिवसांत बाहेरची माणसं आली, मशीन अर्धा दिवस बंद राहिलं आणि जाळी बसली. मेहुण्याला फाटकापाशी बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. तो डाव्या हाताने लिहायचा. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं व्हायचं आणि मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे.

एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, “दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं?”

“दुसऱ्यालाही हातच असता गं.”

“असता.” तिने घडी मोडली, पुन्हा घातली. “पण तो माझा भाऊ नसता.”

त्याने मॅनेजरकडे जाऊन तपासणीचं हे काम नको म्हणून सांगितलं. मॅनेजरने चहा मागवला. “तुमच्याइतका काटेकोर माणूस मला कुठे मिळणार? आणि तुम्ही सोडलंत, तर हे बघणार तरी कोण?” तो चहा पिऊन जागेवर परत आला.

पुढच्या सोमवारच्या फेरीत चौदा त्रुटी निघाल्या. त्यातली एक छताजवळच्या विजेच्या पेटीची होती. झाकण लोंबत होतं. वीज बंद केल्याशिवाय तिला हात लावायचा नव्हता, आणि वीज बंद होणार नव्हती. नाव टाकायच्या आधी तो स्वतः वायरमनकडे गेला. पॅड पुढे धरून उभा राहिला.

वायरमनने शिडी भिंतीला टेकवली आणि पॅडकडे पाहिलं.

“टाका की साहेब,” तो म्हणाला. “न टाकून तरी काय होणार आहे?”

खोटकाढ्याने जागेवर येऊन त्याचं नाव टाकलं आणि तारखेच्या रकान्यात कॉम्प्युटर घेईल तितकी लांबची तारीख घातली.